घरी स्पीडस्टर बांधायची: लहान चाकांचं कार्ट की सायकलकार्ट?

जुन्या स्पीडस्टरच्या, म्हणजे दोन सीटच्या उघड्या, हलक्या गाडीच्या धर्तीवर घरी कार्ट बांधायचं मनात आलं की बहुतेक जण थेट इंजिन शोधायला लागतात. किती सीसी, किती हॉर्सपॉवर, स्वस्त कुठे मिळेल. माझ्या मते इंजिनाचा नंबर तिसरा-चौथा. आधी चाक ठरवा. चासी किती लांब, चेनचं गणित काय, कोणत्या गाडीची नक्कल जमेल आणि ती कुठल्या जमिनीवर पळेल, हे सगळं चाकाच्या व्यासावर अवलंबून आहे. चासी एकदा वेल्ड झाली की मग चाक बदलणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून काम.

पर्याय मुख्यतः दोन, आणि दोन्ही कॅलिफोर्नियातून आलेले. पहिला म्हणजे नेहमीचं गो-कार्ट. रेसिंग गाड्या बांधणाऱ्या कर्टिस क्राफ्ट कारखान्यात काम करणाऱ्या आर्ट इंगल्सने 1956 मध्ये पाइपच्या सांगाड्यावर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं, तिथून हा प्रकार सुरू झाला. दुसरा म्हणजे सायकलकार्ट. सॅन दिएगोच्या स्टीव्हन्सन कुटुंबाने 1990 च्या दशकात रुळवलेला. त्याला 17 इंची रिमची, आऱ्यांची दुचाकीची चाकं, 200 सीसीच्या आसपासचं होंडाचं इंजिन, माणूस न धरता सुमारे 250 पौंड वजन आणि रूप दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या रेसिंग गाडीचं.

दिसण्याचं गणित

फोर्डची मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात दीड कोटी विकली गेली. जुनी झालेली टी स्वस्तात घ्यायची, वरचा सगळा पत्रा उतरवायचा, दोन खोलगट सीट, मागे गोल टाकी आणि पुढे ताटलीएवढी काच लावायची, की झाली स्पीडस्टर. अमेरिकेतल्या कितीतरी तरुणांनी हे घरामागच्या शेडमध्ये केलं. म्हणजे घरी बांधलेली स्पीडस्टर ही काही आजची टूम नाही, मूळ वस्तूच बरीचशी घरगुती होती.

त्या टीचं चाक 30 इंचांचं आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर 100 इंच. सायकलकार्टचं चाक टायरसकट साधारण 22 इंच भरतं. त्याच प्रमाणात गाडी लहान केली तर ॲक्सलमधलं अंतर 73 इंच येतं. मोठा माणूस पाय पसरून बसतो आणि गाडी खऱ्यासारखी दिसते. आता गो-कार्टचं 11 इंची चाक घेऊन हाच हिशोब करा: 37 इंच. एवढ्यात मोठा माणूस बसत नाही. म्हणून चासी लांब करावी लागते आणि लांब बॉनेटखाली ती चिमुकली चाकं केविलवाणी दिसतात. रंग कितीही झकास द्या, ते लपत नाही. बुगाटी टाइप 35 या जुन्या रेसिंग गाडीची नक्कल करायची असेल तरी हेच. त्या गाडीचं निम्मं सौंदर्य उघड्या, मोठ्या चाकांत आहे.

मग लहान चाकांवर स्पीडस्टर होतच नाही? होते, पण गाडी वेगळी निवडावी लागते. पोर्शे 356 स्पीडस्टर घ्या. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांना अमेरिकेसाठी स्वस्त, उघडी गाडी हवी होती. 1954 मध्ये ती 3,000 डॉलरच्या किंचित आत विकायला आली. तिची चाकं अर्धी पत्र्याआड असतात, त्यामुळे ती लहान असली तरी डोळ्यांना खटकत नाहीत. तिच्या ॲक्सलमधलं अंतर 2,100 मिलिमीटर, म्हणजे निम्म्या मापात 1,050. रेसिंग कार्टची चासी जवळपास एवढीच असते. इंजिनही दोन्हीकडे मागच्या ॲक्सललगतच. अडचण एवढीच की मोठ्या माणसाचे खांदे बॉडीच्या बरेच वर येतात. मूळ गाडीला बाथटब म्हणायचेच, इथे तर माणूस खरोखर टबात बसल्यासारखा दिसतो.

बॉडीच्या कष्टांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. टीच्या स्पीडस्टरला बॉडी जवळजवळ नसतेच. बॉनेट एका दिशेने वाकवलेल्या पत्र्याचं, बाकी प्लायवूड. पोर्शेचा पत्रा दोन्ही दिशांनी वळतो. म्हणजे आधी साचा, मग फायबरग्लास, मग महिनोन्महिने घासकाम. आणि 1935 च्या ऑबर्न स्पीडस्टरची ती होडीसारखी निमुळती शेपटी कितीही मोहात पाडो, पहिल्या खेपेला तिच्या वाटेला जाऊ नका.

चेन, चाक आणि ब्रेक

होंडा जीएक्स200 हे 196 सीसीचं इंजिन मिनिटाला 3,600 फेऱ्यांवर सुमारे साडेपाच हॉर्सपॉवर देतं. 22 इंची चाकाला सहास एक असं गुणोत्तर ठेवलं, म्हणजे इंजिनाच्या सहा फेऱ्यांना चाकाची एक, तर ताशी 63 किलोमीटरच्या आसपास वेग निघतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून तो पुरेसा भीतिदायक असतो. 11 इंची चाकाला तोच वेग तीनास एक गुणोत्तरात मिळतो, म्हणजे मागचं स्प्रॉकेट, चेनची दातेरी चकती, लहान चालतं. ते लहानच हवं. अर्धा इंच पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) चेनचं 60 दात्यांचं स्प्रॉकेट साडेनऊ इंचांच्या वर जातं, ते 11 इंची चाकाशेजारी लावलं तर पहिल्याच खड्ड्यात जमिनीला घासेल.

क्लचचं म्हणाल तर गुळगुळीत डांबरावर साधा सेंट्रिफ्युगल, म्हणजे इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा क्लच पुरतो. गवत, चढ, मऊ माती असेल तर तो घसरत राहतो आणि जळतो. तिथे पट्ट्याचा, स्कूटरच्या व्हेरिएटरसारखा टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा. खर्च जास्त, पण तो वाचवू नये. इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे फेऱ्यांना मर्यादा घालणारा भाग, काढून वेग वाढवायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो ऐकू नका. मूळचा कनेक्टिंग रॉड आणि फ्लायव्हील त्या फेऱ्यांसाठी बनवलेले नसतात, आणि फ्लायव्हील फुटलं तर ते तुमच्या पाठीमागेच असतं.

इथपर्यंत सायकलकार्टचं पारडं जड वाटेल. त्याची खरी दुखरी जागा चाकच आहे. दुचाकी वळताना झुकते, त्यामुळे तिच्या आऱ्यांवर आडवा जोर फारसा येत नाही. कार्ट झुकत नाही, सगळा आडवा जोर आऱ्यांवर. शिवाय दुचाकीचं चाक दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं, इथे ते एकाच बाजूने आखूड दांड्यावर (स्टब ॲक्सलवर) लटकतं. म्हणून जाड आरे, रुंद हब आणि लेथवर मुद्दाम करून घेतलेला जाड शाफ्ट लागतो. टायर अरुंद ठेवायचं कारणही हेच: चाक मोडण्याआधी टायर घसरला पाहिजे. रुंद, चिकट टायर लावून ‘पकड वाढवणारे’ लोक आरे मोडून घेतात. गो-कार्टची चाकं जाड आणि बुटकी, त्यांना ही चिंताच नाही.

मागच्या ॲक्सलचा प्रश्न दोघांचाही आहे, उत्तरं मात्र वेगळी. वळताना दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल कोणातच नसतं. गो-कार्टची चासी लवचिक असते. स्टिअरिंग फिरवलं की आतलं मागचं चाक किंचित उचललं जातं आणि गाडी वळते. ही किमया किंगपिनच्या, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीच्या कोनांत आहे, म्हणून तयार चासी विकत घेणं शहाणपणाचं. सायकलकार्टमध्ये बरेच जण मागचं एकच चाक चेनने फिरवतात, दुसरं मोकळं सोडतात. वळायला हलकं जातं. पण ब्रेकही त्याच एका चाकावर असेल तर जोरात दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते. मी असतो तर दोन्ही मागच्या चाकांना ब्रेक लावल्याशिवाय ट्रायलसुद्धा घेतली नसती.

उघड्या आऱ्यांबद्दल एक गोष्ट. नर्तिका इझाडोरा डंकन 1927 मध्ये नीस शहरात अशाच उघड्या गाडीतून निघाली, तिचा लांब स्कार्फ चाकात अडकला आणि तिथेच तिचा अंत झाला. ओढणी, मफलर, मोकळे केस, काहीही असो, चेनला पत्र्याचं कव्हर आणि अंगावर घट्ट कपडे. हेल्मेट तर आहेच.

आपल्याकडे बांधायची असेल तर

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकाला गॅरेज आणि सुटे भाग घरपोच मिळतात. पण इथेही सायकलकार्ट अवघड नाही. टीव्हीएस एक्सएलची 16 इंची, अडीच इंची टायरची चाकं गावोगावी मिळतात, टायरसकट 21 इंच, म्हणजे मापात जवळपास तीच. ड्रम ब्रेकही त्यांच्यातच असतो. चौकोनी पाइपची चासी कोणताही चांगला फॅब्रिकेटर जोडून देईल; टर्नर मात्र हातचा हवा, कारण हबचं काम तोच करणार. जीएक्स मालिकेची इंजिनं पाण्याच्या पंपांवर सापडतात.

रस्त्यावर आणायचा विचार सोडून द्या. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर चालवता येत नाही आणि घरगुती गाडीची नोंदणी सहज होत नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किकने सुरू होणारी चारचाकी बनवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच ती नियमात बसत नसल्याचं सांगितलं आणि बदल्यात बोलेरो दिली. प्रत्येकाला बोलेरो मिळत नाही. तेव्हा स्वतःचं शेत किंवा मैदान असेल तर सायकलकार्ट. मोठी चाकं ढेकळं आणि गवत निभावून नेतात. जवळ कार्टिंगचा गुळगुळीत ट्रॅक असेल, उदाहरणार्थ कोल्हापूरला, आणि मालक घरची गाडी आत घेऊ देत असेल, तर तयार गो-कार्ट चासीवर पोर्शेची बॉडी. खडकाळ माळावर गो-कार्ट नेलं तर चासी जमिनीला टेकेल, दगड मोजत घरी याल.

मुलांसाठी बांधणार असाल तर पेट्रोलच नको. एत्तोर बुगाटीने 1926 च्या सुमारास धाकट्या रोलाँसाठी टाइप 35 ची अर्ध्या मापाची, बॅटरीवरची गाडी केली. ती इतकी आवडली की टाइप 52 म्हणून तिच्या पुढे सुमारे 500 प्रती निघाल्या. आज ई-रिक्षाच्या मोटर आणि कंट्रोलरवर हे काम सोपं आहे, आणि वेग कंट्रोलरमध्येच बांधून टाकता येतो.

काहीही ठरवलंत तरी पाइप आणायच्या आधी चाकं विकत घ्या. ती अंगणात हव्या त्या अंतरावर उभी करा, खडूने चासी पूर्ण मापात आखा आणि आत बसून पाहा. पाय पेडलवर ठेवल्यावर पावलं पुढच्या ॲक्सलला अडत असतील, तर खडू पुसून पुन्हा आखायला पाच मिनिटं पुरतात.