दातांना तारा की अलाइनर?

आमच्या घरात दोन्ही झालं. मुलीला चौदाव्या वर्षी तारा बसवल्या आणि मी चाळिशीत अलाइनर, म्हणजे काढता-घालता येणारे प्लॅस्टिकचे ट्रे, घेतले. त्यामुळे ओळखीतलं कुणी "यातलं चांगलं काय गं?" असं विचारतं तेव्हा मी उलट विचारते, तुझे दात नेमके कुठून कुठे न्यायचे आहेत? ते कळल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

दात सरकतात ते दोन्हीकडे एकाच पद्धतीने. हलका दाब सतत पडत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि ताणाच्या बाजूला नवं हाड भरतं. याचा वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर. जोर वाढवून तो वाढत नाही, मुळं झिजायचा धोका मात्र वाढतो. म्हणून पूर्ण उपचाराला दीड-दोन वर्षं धरूनच चालावं.

फरक आहे तो पकडीत. तारांमध्ये प्रत्येक दातावर ब्रॅकेट, म्हणजे खाच असलेला छोटा चौकोनी तुकडा, चिकटवलेलं असतं आणि तार त्याच्या खाचेतून जाते. दात वळवता येतो, वर-खाली नेता येतो, मुळासकट सरळ उभा करता येतो. अलाइनर म्हणजे दातांवर बसणारा पातळ प्लॅस्टिकचा ट्रे. एकेक ट्रे दाताला जेमतेम पाव मिलिमीटर हलवतो. थोडी गर्दी, लहान फटी, पुढे झुकलेले दात यांना तो छान पुरतो. पण सुळा किंवा उपदाढेसारखा गोलसर दात जागच्या जागी वळवायचा असेल तर प्लॅस्टिकला धरायला कोपराच सापडत नाही. त्यासाठी दातावर त्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात, तरीही काम कठीणच राहतं. इन्व्हिजलाइन या अलाइनरच्या प्रसिद्ध ब्रँडच्या बाबतीत संगणकावर ठरवलेली हालचाल आणि प्रत्यक्ष झालेली हालचाल ताडून पाहिली, तेव्हा २००९ मध्ये पुढच्या दातांची सरासरी अचूकता ४१ टक्के भरली होती. २०२० मध्ये सगळे दात धरून ती ५० टक्के आली. याचा अर्थ उपचार अर्धवट राहतो असा नाही. पहिला संच संपला की पुन्हा स्कॅन करून जास्तीचे ट्रे बनवतात. त्यांचे पैसे वेगळे पडतात का, हे मात्र सुरुवातीलाच विचारून घ्या.

उपदाढा काढून मोठी जागा मिटवायची असेल, सुळा बाहेर न येता वर हाडातच अडकला असेल, तर मी तारांकडेच वळेन. जबड्यांच्या हाडातच मोठी तफावत असलेल्या प्रौढ माणसाला यातलं एकटं काहीच पुरत नाही, तिथे शस्त्रक्रियेचाही विचार करावा लागतो.

आता रोजचं. अलाइनर दिवसाला २० ते २२ तास तोंडात हवा. जेवायला आणि दात घासायला काढायचा, लगेच परत घालायचा. माझ्या अकराव्या ट्रेच्या वेळी डाव्या सुळ्याच्या टोकाशी ट्रे आणि दात यांच्यामध्ये नखाएवढी पोकळी दिसायला लागली. दात मागे राहिला होता, कारण लग्नाच्या गडबडीत आठवडाभर मी निम्मे दिवस ट्रे काढूनच ठेवला होता. तोच ट्रे आणखी दोन आठवडे घालून, रबरी नळकांडं चावत बसल्यावर तो नीट बसला. वस्तू हरवणाऱ्या, विसरणाऱ्या मुलांना म्हणूनच तारा बऱ्या.

तारांचा त्रास वेगळा, त्यात अन्न अडकतं. मुलीच्या तारा निघाल्या त्या दिवशी दोन दातांवर ब्रॅकेटच्या जागेभोवती खडूसारखी पांढरट चौकट दिसली. ब्रश न पोचलेल्या जागी दाताच्या आवरणातले क्षार निघून गेले होते. ते डाग आजही पूर्ण गेलेले नाहीत. शिवाय कडक खाऊन ब्रॅकेट निघालं किंवा तपासणी चुकली की उपचार लांबतो.

तारेला स्वतःच घट्ट धरणारी ब्रॅकेट घेतली की काम लवकर होतं, असं सांगितलं जातं. अभ्यासांचे एकत्रित आढावे तसं दाखवत नाहीत, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. सिरॅमिकची ब्रॅकेट कमी दिसतात, पण ठिसूळ असतात.

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पाडते ती आखणी. एक्स-रे, हिरड्यांची तपासणी आणि दोन्ही जबड्यांचं माप न घेता, घरबसल्या ठसे पाठवून मिळणारे अलाइनर घेऊ नका. हिरड्यांचा आजार तसाच ठेवून दात हलवले तर आधार सुटून ते आणखी सैल होतात. ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ दंतवैद्याला, विचारा: शेवटी माझ्या मागच्या दाढा एकमेकींवर बसतील ना? पुढची रांग सरळ झाली आणि दाढा टेकतच नाहीत, असं अलाइनरमध्ये कधीकधी होतं.

रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात परत सरकू नयेत म्हणून लावायचा आधार, मात्र दोघींनाही चुकला नाही. मुलीच्या खालच्या सहा दातांमागे बारीक तार चिकटवलेली आहे. मी रात्री काढता-घालता येणारा लावते. प्रवासात चार रात्री तो राहून गेला, तर पाचव्या रात्री अंगठ्याने दाबून बसवावा लागला आणि सकाळपर्यंत पुढचे दात ठणकत होते.