रानडुकरांतील विषाणू शोधणारी सिक्वेन्सिंग सेवा: नांदेड जिल्ह्यातून एका पशुवैद्यकाचा अभिप्राय

प्राण्यांच्या अवयवांच्या नमुन्यात जे जे विषाणू असतील त्यांचा जनुकीय क्रम काढून देणाऱ्या परराज्यातील एका खासगी प्रयोगशाळेच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्याला लागून असलेल्या शिवारांत मरून पडलेल्या रानडुकरांचे नमुने, वन विभागाची लेखी परवानगी घेऊन आणि वनरक्षकांच्या समक्ष, आम्ही तिच्याकडे पाठवले होते. या प्रयोगशाळेचे यंत्रावरचे काम चोख आहे, परंतु तिचा अहवाल ज्यांच्या हाती पडतो त्यांचा विचार करून तो लिहिलेला नसतो, असे माझे मत झाले आहे.

अशा तपासणीची गरज मराठवाड्यात का भासावी, हे आधी सांगितले पाहिजे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग भारतात 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला, 2022 मध्ये तो केरळातील वायनाडच्या वराहपालन केंद्रांपर्यंत पोहोचला आणि जानेवारी 2023 मध्ये तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात रानडुकरांचे मृत्यू त्यानेच झाल्याचे निष्पन्न झाले. माणसाला त्याची बाधा होत नाही, मात्र डुकरांसाठी त्यावर औषध नाही आणि आपल्याकडे लसही उपलब्ध नाही. याउलट क्लासिकल स्वाइन फीव्हर, म्हणजे आपण ज्याला नुसते स्वाइन फीव्हर म्हणतो, त्याची लस गेली अनेक वर्षे वापरात आहे. दोन्ही रोगांत ताप, कातडीवर लालसर-जांभळे चट्टे आणि आतील अवयवांत रक्तस्राव अशीच लक्षणे दिसत असल्यामुळे नुसते जनावर पाहून कोणताही पशुवैद्यक खात्रीने निदान करू शकत नाही. आपल्याकडे ऊस, मका आणि भुईमुगाच्या पिकांत रात्री रानडुकरांचे कळप शिरतात आणि गावकुसाबाहेरच्या उकिरड्यांवर मोकाट डुकरे फिरतात, त्यामुळे जंगलातला विषाणू गावात किंवा गावातला जंगलात जायला वेळ लागत नाही.

तरीही रानडुक्कर मेले की थेट सिक्वेन्सिंगकडे धाव घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा संशय असल्यास तो पशुसंवर्धन विभागाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्याचे अधिकृत निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेसारख्या मान्यताप्राप्त सरकारी प्रयोगशाळेकडूनच व्हावे लागते. केंद्राच्या कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र आणि 10 किलोमीटरपर्यंतचा परिसर निगराणी क्षेत्र ठरतो, आणि असे निर्णय खासगी अहवालावर घेतले जात नाहीत. शिवाय पीसीआर, म्हणजे ठरावीक विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती करून तो ओळखणारी चाचणी, ज्या विषाणूविषयी विचारावे त्याचे होय किंवा नाही असे उत्तर काही तासांत आणि फार कमी खर्चात देते. सिक्वेन्सिंगची खरी उपयुक्तता त्यानंतर सुरू होते: पीसीआर निरंक आली असूनही मृत्यू थांबत नसतील, किंवा रोग सापडला असून तो कोणत्या वंशाच्या विषाणूचा आणि कुठून आलेला असावा हे जाणून घ्यायचे असेल, तेव्हा. आमच्या बाबतीत आफ्रिकन स्वाइन फीव्हर नसल्याचे अधिकृतपणे स्पष्ट झाल्यावरच, पहिल्या प्रकारच्या प्रश्नासाठी, आम्ही या सेवेकडे वळलो.

प्रयोगशाळेने पाठवलेला नमुना-संच मला मनापासून आवडला. परिरक्षक, म्हणजे नमुना नासू न देणारा, द्रव आधीच भरलेल्या, घट्ट झाकणाच्या नळ्या, पुसले न जाणारे क्रमांक, गळती झाल्यास द्रव शोषून घेणारा थर आणि त्यावर दुहेरी बंदिस्त वेष्टन, असे सारे नीट विचार करून दिलेले होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार असताना मेलेले जनावर भराभर कुजते, आणि विषाणूंचे जनुकीय द्रव्य डीएनए किंवा आरएनए या दोहोंपैकी एका प्रकारचे असते, त्यांतील आरएनए तर डीएनएच्या आधी नासतो. क्लासिकल स्वाइन फीव्हरचा विषाणू आरएनए प्रकारचा असल्यामुळे नमुना बिघडला की तो नाहीच असा खोटा दिलासा मिळण्याचा धोका असतो. म्हणूनच पानथरी, लसिका ग्रंथी आणि टॉन्सिल यांचे तुकडे जाडीला अर्ध्या सेंटिमीटरहून मोठे नसावेत, नाहीतर द्रव आतपर्यंत झिरपत नाही, ही सूचना संचातील पत्रकात ठळकपणे आणि चित्रासह दिलेली पाहून समाधान वाटले. तेच पत्रक पुढे मात्र नमुने उणे 80 अंशांवर ठेवा म्हणते, तेव्हा लिहिणाऱ्याने तालुक्याच्या गावचा पशुवैद्यकीय दवाखाना पाहिलेला नसावा असे जाणवते. किनवटसारख्या ठिकाणी कोरडा बर्फ मागून मिळत नाही. परिरक्षक द्रवातील नमुना साध्या फ्रिजमध्ये काही दिवस टिकतो, हे त्यांच्या तंत्रज्ञाने दूरध्वनीवर सांगितले, परंतु तेच वाक्य पत्रकात असते तर नमुने घेतल्यानंतरची आमची धावपळ वाचली असती.

आता प्रत्यक्ष तपासणीविषयी. पानथरीच्या तुकड्यात डुकराच्या स्वतःच्या जनुकीय द्रव्याचे प्रमाण इतके प्रचंड असते की त्यातून विषाणू शोधणे म्हणजे पोतेभर ज्वारीत मिसळलेले मूठभर राळे निवडण्यासारखे आहे. या प्रयोगशाळेने आरएनएचे डीएनएत रूपांतर करून दोन्ही प्रकारच्या विषाणूंसाठी तपासणी केली, सुमारे 150 अक्षरांचे (जनुकीय क्रमातील एकेक घटक म्हणजे एक अक्षर) असंख्य छोटे तुकडे वाचले, डुकराच्या ज्ञात जनुकसंचाशी, म्हणजे संपूर्ण जनुकीय क्रमाशी, जुळणारे तुकडे संगणकावर बाजूला काढले आणि उरलेले तुकडे सार्वजनिक संग्रहातील विषाणूंशी ताडून पाहिले. वाचनाचा दर्जा उत्तम होता. पोर्साइन सर्कोव्हायरस 2 या विषाणूचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच त्यांनी जोडून दाखवला, आणि प्रत्येक अक्षर सरासरी किती वेळा वाचले गेले याचा आलेखही दिला. हा जनुकसंच जेमतेम 1,770 अक्षरांचा असतो, तर आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या विषाणूचा 1,70,000 ते 1,90,000 अक्षरांच्या घरात जातो. त्यामुळे लहान विषाणू संपूर्ण जोडला याचे अप्रूप बेताचेच मानले पाहिजे, विशेषतः डीएनए वाढवण्याच्या काही पद्धती अशा लहान, वर्तुळाकार जनुकसंचाच्या प्रती प्रमाणाबाहेर वाढवत असल्यामुळे.

माझी मुख्य तक्रार अहवालाविषयी आहे. पहिल्याच पानावर सापडलेल्या विषाणूंची लांबलचक यादी होती आणि तिच्यात जिवाणूंना बाधणारे फेज, डुकराचे रेट्रोव्हायरस आणि सर्कोव्हायरस एकाच रांगेत, एकाच ठळक अक्षरांत छापले होते. डुकराच्या स्वतःच्या जनुकसंचात रेट्रोव्हायरसचे अवशेष पिढ्यान् पिढ्या वारशाने येत असतात आणि ते धडधाकट डुकरातही सापडतात. सर्कोव्हायरस 2 वाढत्या पिलांना खंगवतो हे खरे असले तरी तो जगभर पसरलेला असून वरकरणी निरोगी डुकरांतही आढळतो. तो नमुन्यात असणे आणि त्याने जनावर मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी ठरवण्यासाठी अवयवांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी लागते. अहवालात यातील एक अक्षरही नव्हते. यादी वाचून एका वनाधिकाऱ्यांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, एवढे विषाणू निघालेत, तर गावात दवंडी द्यायची का?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर अहवालातच मिळायला हवे होते.

दुसरी उणीव याहून गंभीर मानतो. यादीतील एका विषाणूचे अवघे तीन-चार तुकडे जुळलेले होते. एकाच फेरीत अनेक ग्राहकांचे नमुने वाचले जातात तेव्हा शेजारच्या नमुन्यातील तुकडे आपल्या खाती जमा होऊ शकतात, म्हणून नमुनाविरहित नळी सोबत चालवून तिचा निकाल दाखवणे आवश्यक असते. तो निकाल अहवालात नव्हता. लेखी विचारणा केल्यावर तो मिळाला, त्या रिकाम्या नळीतही तेच तुकडे असल्याचे दिसले आणि प्रयोगशाळेने तो विषाणू वगळून सुधारित अहवाल पाठवला. विचारल्यावर त्यांनी टाळाटाळ केली नाही, ही त्यांच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. परंतु ज्याला हे विचारायचे ठाऊक नाही, अशा पशुपालकाच्या हाती पहिलाच अहवाल अंतिम म्हणून राहिला असता.

कच्च्या वाचनाच्या सर्व फाइली कोणतेही वेगळे शुल्क न घेता मिळाल्या, आणि या सेवेचे सर्वांत मोठे मोल मी त्यातच पाहतो. उद्या नवा विषाणू ओळखला गेला तर याच फाइली पुन्हा तपासता येतील, रानडुकराचा नमुना पुन्हा मिळवावा लागणार नाही. खर्च मात्र पीसीआरच्या कितीतरी पट आहे आणि अहवाल यायला आठवडे लागतात, त्यामुळे एखाद्या वराहपालकाने आपल्या गोठ्यातील मृत्यूंसाठी एकट्याने ही सेवा घ्यावी असे मी सुचवणार नाही. वन विभाग, जिल्हा पशुसंवर्धन कार्यालय किंवा पशुवैद्यक महाविद्यालय यांनी एकत्रितपणे, निवडक आणि नीट जतन केलेल्या नमुन्यांसाठी ती जरूर घ्यावी. मागणी नोंदवतानाच रिकाम्या नळीचा निकाल, प्रत्येक विषाणूचे किती तुकडे जुळले आणि त्याच्या जनुकसंचाचा किती भाग त्यांनी व्यापला याची नोंद, तसेच रोगकारक आणि निरुपद्रवी अशी स्वतंत्र विभागणी अहवालात असेल, हे प्रयोगशाळेकडून लिहून घ्यावे. मराठीत एका पानाचा गोषवारा देण्याची विनंती मी प्रयोगशाळेला केली असून पुढच्या अहवालासोबत तो देण्याचे तिने मान्य केले आहे.