बीजिंगमध्ये तपकिरीची ‘जुनी’ बाटली घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

5,100 युआन गेले. 4,800 बाटलीचे आणि 300 सर्टिफिकेटचे, म्हणजे आपले साठ हजारांच्या वर. कामासाठी बीजिंगला असतो, खोट्या अँटिकचा धंदा कसा चालतो ते मलाही माहितीये, पण तो दुकानदार तपकिरीच्या बाटल्यांचा इतिहास अगदी बरोबर सांगत होता हो. युरोपियन लोकांकडून चीनच्या छिंग राजघराण्याच्या दरबारात तपकीर आली, डबीत दमट हवेने तिचे गोळे व्हायचे म्हणून औषधाच्या भुकटीसाठी असायच्या तसल्या छोट्या बाटल्या तपकिरीला वापरायला लागले, बुचाला चिमुकला चमचा, मग जिंगदेचेन या चिनीमातीच्या भांड्यांच्या शहरात बनवून वर चित्रं, पुढे तपकीर सुटली आणि बाटल्या शोकेसमध्ये गेल्या. हे सगळं खरं आहे! खोटी फक्त बाटली.

निळी-पांढरी, वर ड्रॅगन, ‘छिएनलोंग बादशहाच्या काळातली’, म्हणजे 1736 ते 1795. मी विचारलं, एअरपोर्टवर कागद लागतील का? तर म्हणे खिशात टाका, कोण बघतंय. अरे, 1911 च्या आधीची कलावस्तू चीनबाहेर नेता येत नाही हे मला माहीत होतं! म्हणजे माल खरा असेल तर हा मला स्मगलिंग शिकवतोय आणि नसेल तर सरळ गंडवतोय, तिसरं काही असूच शकत नाही. आणि मी काय केलं, फोन काढून पैसे भरले.

रूमवर येऊन बघतो तर चमचा तळाला पोचतच नाही. मग शेवटची चिमूट काढायची कशी? आतला ‘जुन्या तपकिरीचा डाग’ गरम पाण्याने गेला, चहाचा असणार. घेण्याआधी बूच काढा, आत टॉर्च मारा. सर्टिफिकेट दुकानदारच देत असेल तर ते रद्दीत घाला.

हसणाऱ्यांसाठी सांगतो, 19व्या शतकात असल्याच चिमुकल्या चिनी बाटल्या इजिप्तच्या प्राचीन थडग्यांत सापडल्या म्हणून खपवल्या होत्या, भलेभले युरोपियन पंडित फसले, नंतर कळलं की बाटल्यांवर लिहिलेल्या ओळी कितीतरी शतकं नंतरच्या चिनी कवींच्या. मग माझी काय कथा.

तक्रार करायला गेलो तर बाजाराच्या ऑफिसात म्हणाले पावतीवर ‘हस्तकला वस्तू’ लिहिलंय, जुनी कुठे लिहिलंय? (पावती वाचून घ्या, चिनी येत नसेल तर फोनवर ट्रान्सलेट करा, तिथेच उभं राहून.) पोलीस म्हणे हा तुमचा आपसातला व्यवहार, बाजाराच्या ऑफिसात जा. परत ऑफिसात गेलो तर पोलिसांचं लेखी आणा. पोलीस लेखी देत नाहीत कारण तक्रारच घेतलेली नाही! बँकेने तर पैसे तुम्हीच पाठवलेत असा मेल करून विषयच बंद केला. दुकानदाराने मला ब्लॉक केलंय, आणि मित्राच्या फोनवरून पाहिलं तर तोच ड्रॅगन आता 6,200 ला लावलाय.