उरलेल्या रताळ्याचे पॅनकेक आणि बीडाचा तवा

आदल्या दिवशीचं कुस्करलेलं रताळं फ्रिजमध्ये असलं, की सकाळी पॅनकेकसाठी मी बीडाचाच तवा काढते. नॉनस्टिक पॅन हाताशीच असतो, हलका असतो, झटकन तापतो. साधे मैद्याचे पॅनकेक दोन्हींवर जवळपास सारखेच होतात, त्यात तवा जड की हलका यानं काही बिघडत नाही. रताळं मिश्रणात आलं की मात्र फरक स्पष्ट दिसतो आणि चवीलाही कळतो. म्हणून हा रिव्ह्यू फक्त या एका कामापुरता.

माझा तवा सपाट, 26 सेंटिमीटरचा, काठ जेमतेम बोटभर उंच. वजन दोन किलोच्या आसपास. एकसंध ओतीव, मूठसुद्धा बीडाचीच. कारखान्यातूनच सिझनिंग करून आलेला, म्हणजे तेलाचा पातळ थर तापवून पक्का बसवलेला. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते या जातीच्या कुठल्याही नीट ओतलेल्या तव्याला लागू आहे. काठाची उंची मात्र बघून घ्या. उभ्या भिंतींच्या खोलगट पॅनमध्ये उलथनं आडवं घालता येत नाही, आणि रताळ्याच्या मऊ पॅनकेकखाली ते अगदी आडवं जावं लागतं, नाहीतर तो मधोमध मोडतो. शिवाय खोल पॅनमध्ये वाफ कोंडते आणि कडा कुरकुरीत होत नाहीत.

आता रताळ्याचं म्हणणं काय ते बघू. रताळं शिजताना त्यातलं बीटा-अमायलेज नावाचं विकर स्टार्चचं माल्टोज करतं, म्हणजे साखर. साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसच्या टप्प्यात हे काम जोरात चालतं. त्यामुळे ओव्हनमध्ये सावकाश भाजलेलं रताळं जास्त गोड लागतं आणि मायक्रोवेव्हमध्ये झटपट शिजवलेलं कमी. थोडक्यात, तुम्ही चमचाभरही साखर घातली नसली तरी कालच्या त्या लगद्यात भरपूर साखर आहे. ती तव्याला लागली की भराभर तपकिरी होते. दुसऱ्या बाजूला लगद्यात पाणीही पुष्कळ असतं, त्यामुळे आतला भाग सेट व्हायला वेळ घेतो. बाहेरून घाई आणि आतून सुस्ती, सगळी अडचण इथे आहे. आच मोठी ठेवली तर वरून काळपट, आत चिकट. अगदी बारीक ठेवली तर पॅनकेक फिकट आणि वातड.

पातळ पॅनवर ही कसरत अवघड जाते. थंड मिश्रण पडलं की पॅनचं तापमान धाडकन खाली येतं, आपण आच वाढवतो, आणि पुढच्या खेपेपर्यंत पॅन नको तितका तापून बसतो. पहिला पॅनकेक फिका, तिसरा करपलेला. बीडाच्या तव्यात इतकी उष्णता साठलेली असते, की तीन पॅनकेक एकदम घातले तरी तो फारसा हलत नाही. आच एकदा ठरवली की ठरवली. माझ्याकडे ती मध्यमपेक्षा थोडी खाली असते, साध्या पॅनकेकला ठेवते त्याहून नक्कीच कमी. पहिल्या खेपेचा आणि शेवटच्या खेपेचा रंग शेजारी ठेवून बघितला तर फरक सांगता येत नाही, आणि या तव्याचं मला सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे.

एक गैरसमज दूर करायला हवा. बीड सगळीकडे सारखं तापतं, असं पुष्कळ जण सांगतात. तसं नाही. उष्णता पसरवण्यात बीड ॲल्युमिनियमच्या बरंच मागे आहे. ते उष्णता धरून ठेवतं, पण पसरवतं सावकाश. म्हणून तवा रिकामाच, बारीक आचेवर, आठ-दहा मिनिटं आधी तापत ठेवायचा आणि मध्ये एकदा-दोनदा फिरवायचा. बर्नर छोटा असेल तर मधला भाग जास्त गरम राहणारच, तेव्हा पॅनकेक थोडे कडेला सरकवून घाला. इंडक्शनवर हा तवा उत्तम चालतो, कारण बीड चुंबकाला धरतं. फक्त सुरुवातीलाच मोठ्या पॉवरवर टाकू नका, हळूहळू वाढवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो तडतडत नाचला की तवा तयार.

मिश्रणाचं माझं प्रमाण असं: एक कप कुस्करलेलं रताळं, एक कप मैदा, दोन अंडी, पाऊण कप दूध, दोन चमचे बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे वितळलेलं लोणी, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा दालचिनी पूड आणि थोडं किसलेलं जायफळ. दुधाचं माप हे नुसती सुरुवात. भाजलेल्या रताळ्याचा लगदा कोरडा असतो, त्याला एक कपापर्यंत दूध लागतं. उकडलेल्याचा पाणचट असतो, त्याला अर्ध्या कपातही भागतं. मिश्रण पळीतून जाड धारेनं, अडखळत पडलं पाहिजे. फ्रिजमधला लगदा घट्ट झालेला असतो, तसाच घातला तर गुठळ्या राहतात. आधी थोडा कोमट करून घ्यायचा, दूध आणि अंड्यांबरोबर एकजीव घोटायचा, आणि मैदा शेवटी घालून जेमतेम मिसळायचा. रताळ्याला जितकं घोटाल तितकं चालतं, मैदा पडल्यावर मात्र हात आवरता घ्या. रताळ्यात ग्लुटेन नाही, मैद्यात आहे, आणि जास्त फेटलं की तेच पॅनकेकला चिवट करतं.

लगदा कशासाठी केला होता, हेही आठवून बघा. त्यात आधीच लोणी असेल तर मिश्रणातलं कमी करा. साखर किंवा मध घातलेला असेल तर आच आणखी उतरवा, तो दुप्पट वेगानं रंग धरतो. लसूण, मिरी घातलेला असेल तर दालचिनीचं नाव काढू नका. त्यात पातीचा कांदा चिरून घाला आणि वर दह्याचा गोळा ठेवा. मला स्वतःला हे तिखटमिठाचे पॅनकेक गोडापेक्षा जास्त आवडतात, आणि बीडावर त्यातला कांदा कडेकडेनं इतका सुंदर परततो की नुसत्या वासानं घरातली मंडळी उठून येतात.

दुधाऐवजी ताक घालायचं असेल तर बेकिंग पावडर एक चमच्यावर आणून अर्धा चमचा बेकिंग सोडा घाला. ताकाचा आंबटपणा आणि सोडा मिळून पॅनकेक हलका होतो. सोडा जास्त झाला तर चव साबणासारखी होते आणि रंगही लवकर चढतो, तेव्हा मापातच राहा. जांभळ्या गराच्या रताळ्याला सोडा लावताना तर फारच जपा. त्याचा जांभळा रंग अँथोसायनिनमुळे असतो. आंबट मिश्रणात तो गुलाबीकडे झुकतो आणि सोड्यानं मिश्रण अल्कधर्मी झालं तर निळा-हिरवा पडतो. खाण्यात अपाय काहीच नाही, पण हिरवट पॅनकेक लहान मुलं तोंडात घालत नाहीत.

तव्यावर लोण्याऐवजी तूप लावावं, हे माझं ठाम मत. लोण्यातला दुधाचा अंश पटकन करपतो आणि त्याचे काळे ठिपके पॅनकेकला चिकटतात. तूप तितकं घाई करत नाही. अर्धा चमचा तूप कापडानं तवाभर पुसून घ्या, तवा चमकला पाहिजे, तुपाचं तळं दिसता कामा नये. नारिंगी रताळ्यातलं बीटा-कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतोच, त्यामुळे इथे हात अगदी आखडायचं कारण नाही. लोणी वरून, ताटात घ्या.

पाव कप मिश्रणाचा एक पॅनकेक, साधारण तळव्याएवढा. मोठा करू नका, उलटताना फाटतो आणि मधे कच्चा राहतो. साध्या पॅनकेकवर बुडबुडे येऊन फुटतात, त्यावरून उलटायची वेळ कळते. रताळ्याचं मिश्रण जड असल्यानं बुडबुडे मोजकेच येतात, कधीकधी येतच नाहीत. त्यांची वाट बघत बसलात तर खालची बाजू करपेल. त्याऐवजी कडेकडे बघा. घातल्याबरोबर सगळा पॅनकेक ओला, चकचकीत दिसतो. दोनेक मिनिटांत कडेची चकाकी जाते आणि बोटभर रुंदीचा कोरडा, मंद रंगाचा पट्टा आत सरकायला लागतो. तुपाची चुरचुर बारीक होत जाते. तेव्हा उलथनं कडेला नुसतं टेकवा. पॅनकेक तयार असेल तर तव्यावरून आपणहून सुटतो. चिकटून राहिला तर त्याला अजून अर्धं मिनिट हवं आहे, ओढाताण करू नका. उलटल्यावर गडद नारिंगी-तपकिरी, मध्ये फिकट डाग आणि कडेला बारीक जाळी असा जो रंग वर येतो, तो मला नॉनस्टिकवर कधी मिळत नाही. तिथे रंग गुळगुळीत, एकसारखा येतो आणि कडा मऊच राहतात. दुसऱ्या बाजूला दीड-दोन मिनिटं पुरतात.

माझ्या आईला कुरकुरीत कड चावत नाही. तिच्यासाठी आच आणखी कमी करून वर झाकण ठेवते, वाफेनं पॅनकेक फुगतो आणि लुसलुशीत होतो. तोच तवा, तेच मिश्रण. पण तव्यात उष्णता साठलेली असल्यानं आच कमी केल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. म्हणून तिचे पॅनकेक शेवटी करायचे, तवा निवत आल्यावर.

आता उणिवा. वजन ही पहिली. मनगट दुखत असेल, किंवा ओट्यावरून तवा एका हातानं उचलून ठेवायची सवय असेल, तर हा त्रास रोजचा आहे. मूठ चटका देते, जाड कापड किंवा मुठीवर चढवायचं कव्हर हवंच. काचेच्या शेगडीवर तवा सरकवला तर ओरखडे पडतात, उचलूनच ठेवावा लागतो. पाच मिनिटांत नाश्ता उरकायचा असेल तेव्हा तर याचा विचारही करू नका, तेवढा वेळ तवा नुसता तापायलाच लागतो.

आणि अंडं न घालता पॅनकेक करायचे असतील तर मी नॉनस्टिकच सुचवेन. अंडं नसेल तर रताळ्याचं मिश्रण सैल राहतं, बीडाला धरून बसतं आणि उलटताना तुटतं. नॉनस्टिकचा लेप 260 अंशांच्या पुढे तापवू नये म्हणतात, पण या कामाला इतकी उष्णता लागतच नाही, तेव्हा ती काळजी इथे नाही.

स्वच्छतेचा बाऊ मात्र उगाच केला जातो. तवा कोमट असतानाच गरम पाण्यानं, हवं तर थोड्या साबणानं धुवा. साबणानं सिझनिंग जातं ही भीती सोडून द्या. करपलेली साखर चिकटली असेल तर तव्यात कपभर पाणी उकळा, ती सुटते. जाडं मीठ घेऊन घासलं तरी निघते. भिजत ठेवायचा नाही, तेवढं पाळा, नाहीतर गंज धरणारच. धुतल्यावर आचेवर ठेवून खडखडीत वाळवायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं. ताकाच्या मिश्रणाचा आंबटपणा दोन-चार मिनिटांत तव्याचं काही बिघडवत नाही.

लगदा उरवायचाच असेल तर शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. त्याहून जास्त दिवस हवा असेल तर एकेका कपाचे गोळे करून फ्रीझरमध्ये टाका, आदल्या रात्री एक खाली उतरवला की सकाळचं काम सोपं. वितळल्यावर वर पाणी सुटतं, ते मिश्रणातच घ्या आणि दूध तेवढं कमी करा. झालेले पॅनकेकसुद्धा फ्रीझरमध्ये छान टिकतात. आधी जाळीवर पूर्ण गार करून मग एकावर एक रचा, मध्ये बटर पेपर घाला. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, टोस्टरमध्ये घाला, कडा पुन्हा खुसखुशीत होतात.

तवा घ्यायला जाल तेव्हा दोन गोष्टी दुकानातच तपासा. सपाट फरशीवर किंवा काउंटरवर ठेवून कड दाबा, डुगडुगला तर घेऊ नका, इंडक्शनवर आणि काचेच्या शेगडीवर तो कधीच नीट बसणार नाही. आणि आतल्या बाजूवरून तळहात फिरवा. थोडा खरखरीतपणा चालतो, वापरानं तो कमी होतो. टोचणारे कण किंवा खड्डे लागले तर दुसरा मागा, कारण रताळ्याचं गोड मिश्रण नेमकं त्याच खड्ड्यांत अडकतं आणि प्रत्येक पॅनकेक तिथेच फाटतो.