विंगसूट: अकरा महिने, ४३ उड्या आणि शिंपीमामांची दोन बोटं

सूट मागवताना कंपनीच्या फॉर्मवर पंचवीसेक मापं भरायची होती. सावद्यात ती घ्यायची कुणाकडून, म्हणून आमच्या शिंपीमामांकडे गेलो. खांद्यापासून मनगट, काखेपासून कंबर, मांडीच्या आतून घोटा, असं सगळं टेप लावून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सफारी शिवतो का काय रे भो?" मी म्हटलं, उडायचे कपडे आहेत. त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि पुढचं माप घेतलं.

आता अकरा महिने झाले. थायलंडमधल्या पट्टायाजवळच्या ड्रॉपझोनवर, म्हणजे पॅराशूटने उड्या मारायच्या मैदानावर, तीन फेऱ्या आणि सूट घालून ४३ उड्या. विंगसूट, म्हणजे उडी मारल्यावर हवेत तरंगत जायचा पंखांचा सूट, घेऊ का, असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आधीच सांगतो, मी फक्त विमानातून उडी मारतो. डोंगराच्या कड्याला घासून जाणारे व्हिडिओ बघून कुणी आलं असेल, तर तो वेगळा आणि फार जिवावरचा प्रकार आहे. माझा त्याच्याशी संबंध नाही.

अमेरिकन स्कायडायव्हिंग संघटनेच्या नियमाप्रमाणे पहिल्या विंगसूट उडीआधी पॅराशूटच्या साध्या २०० उड्या लागतात. केळीच्या धंद्यातून वेळ काढून त्या पुऱ्या करायला मला साडेचार वर्षं लागली. तेव्हा हा आकडा जाचक वाटायचा, आता कमीच वाटतो. कारण सूट घातला की आधी शिकलेलं निम्मं उपयोगी पडत नाही. साध्या उडीत हात-पाय मोकळे असतात, जरा डुगडुगलं तर सावरता येतं. इथे हाताखाली पंख, दोन्ही पायांमध्ये एक पंख, आणि पुढच्या तोंडांतून हवा शिरून सगळं गादीसारखं फुगलेलं. एक खांदा जरा खाली गेला की वळलातच.

फायदा एकच, पण मोठा: वेळ. साध्या उडीत पोटावर पडताना ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेग असतो. १३ हजार फुटांवरून ४ हजारांपर्यंत यायला मला ५५ सेकंद लागायचे. सूटमध्ये मी साडेपाच हजारांवरच पॅराशूट उघडतो, तरी सरासरी १०५ सेकंद मिळतात, कारण खाली येण्याचा वेग ताशी ७५ च्या घरात असतो. बाकीचा वेग पुढे जातो. आपण पडत नाही, जातोय, हे पोटाला कळतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हेल्मेटमध्ये मोठ्यांदा हसलो होतो.

आणि त्याच उडीत चुकलो. विमानापासून बाजूला वळायचं, मग विमान आलं त्या दिशेला समांतर परत यायचं, असं जमिनीवर चालून चालून पाठ केलं होतं. वर गेल्यावर वाऱ्याच्या दिशेने सरळ निघालो. मे महिन्याच्या वादळात बाग आडवी झालेली पाहिलेला माणूस मी, वारा मला कळतो असा माझा समज होता. उतरलो दोन किलोमीटर लांब, साबुदाणा ज्याचा करतात त्या कंदाच्या शेतात. त्यात पायाची चेन उघडायची राहिली होती, म्हणून उतरल्यावर पोत्याच्या शर्यतीसारख्या उड्या मारत बांधावर आलो. शेतकरी बिचारा बघत उभा.

खर्चाचं बोलायचं तर सूट कस्टमसकट सव्वा लाखाच्या पुढे गेला, पण खरा खड्डा नंतर पडतो. उडताना पाठीवर मेलेल्या हवेचा, म्हणजे वारा लागत नाही असा, मोठा पट्टा तयार होतो. पॅराशूट ओढून काढणारी छोटी छत्री त्यात अडकू नये म्हणून ती मोठी घ्यावी लागते आणि तिची पट्टीही लांब लागते. माझं चपळ पॅराशूट विकून शांतपणे उघडणारं सात कप्प्यांचं घेतलं. या खर्चाबद्दल दुकानात कुणी बोललं नव्हतं. याबद्दल माझी तक्रार आहे.

दुसऱ्या फेरीत तेच पॅराशूट पीळ घेऊन उघडलं. चूक माझीच. छत्री काढताना दोन्ही हात एकदम मागे न्यायचे असतात. मी उजवा नेला, डावा पंख उघडा राहिला, अंग फिरलं आणि दोऱ्यांना चार पीळ पडले. पीळ सोडवायला पाय झाडावे लागतात, आणि पाय तर एका पिशवीत. झाडले. उंची भरपूर होती म्हणून निभावलं. साडेपाच हजारांवरच का उघडायचं, ते मला तिथे समजलं.

आणखी एक. आपोआप राखीव पॅराशूट उघडणारं यंत्र पाठीवर आहे म्हणून निवांत राहू नका. माझ्याकडचं नेहमीचं यंत्र साधारण २२५ मीटरवर, वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल तरच उघडतं. विंगसूटमध्ये नीट उडणारा माणूस सेकंदाला वीसेक मीटरनेच खाली येतो. यंत्राच्या हिशोबाने तुम्ही अजून मजेत आहात. कानात उंचीचा बझर हवा आणि मनगटावर मीटरही हवा.

सूट टिकायला चांगला आहे. चेनमध्ये वाळू जाते, ती जुन्या टूथब्रशने काढतो. नायलॉनला ऊन सोसत नाही, आणि आमच्याकडे पारा ४५ च्या वर. एकदा मी बागेत असताना आईने तो गच्चीवर पापडांशेजारी वाळत घातला होता. आता तो खालच्या खोलीत पंख्याखाली लटकतो. गल्लीतले आप्पा त्याला वटवाघूळ म्हणतात. आईचा विरोध मात्र मावळलाय. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये पट्टायातच नऊवारी नेसून उडी मारली, हे तिला कुणीतरी दाखवलं. तेव्हापासून ती म्हणते, "ती नऊवारीत मारते, तुला एवढे पंख लागता का रे?"

घेऊ नये कुणी? जो वर्षातून एकदाच जातो त्याने. सराव तुटला की पहिल्या चार-पाच उड्या नुसत्या भीती घालवण्यात जातात. खानदेशातून रोज उठून उडायला जाता येत नाही, हे धरूनच हिशोब करा. मी वर्षाला तीन फेऱ्या धरतो, त्याहून कमी जमत असतील तर ते पैसे साध्या उड्यांवर घाला.

सूटमधली एकच गोष्ट मला खटकते. बाही सैल आहे. पंख ताणला की मनगटापाशी फडफडतो आणि डावीकडे हलका ओढा येतो. कंपनीला तीन मेल केले. तुम्हीच दिलेली मापं आहेत, एवढंच उत्तर आलं. इथेच आत घेऊ का, असा मोह झाला होता. पण आजचा विंगसूट नव्वदच्या दशकात ज्याने घडवला तो फ्रेंच पात्रिक द गायार्दाँ १९९८ मध्ये हवाईत गेला, तो स्वतःच्या पॅराशूटच्या बॅगेत केलेल्या बदलामुळे. म्हणून हात लावला नाही, कंपनीकडेच पाठवणार आहे.

पाठवण्याआधी बाही नेमकी किती जास्त आहे ते मोजायला परत शिंपीमामांकडे गेलो. त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "दोन बोटं मीच जास्त धरली होती. लग्न झाल्यावर सुटशील ना तू."