रेड लाईट थेरपीचं टेबलटॉप पॅनल: आईचा गुडघा आणि माझा चेहरा

अंगावर लाल उजेड घ्यायचं हे पॅनल ऑनलाईन मागवलंय, 9 हजारच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव देत नाही, तसंही या रेंजमधली सगळी एकाच साच्यातली वाटतात. बॉक्सवर वजन, थायरॉईड, झोप, केस, सुरकुत्या, गुडघे सगळंच बरं होणार असं छापलंय, जत्रेतला जडीबुटीवाला परवडला! ते सोडा, मशीनचं बोलू.

यात 660 नॅनोमीटर तरंगलांबीचे लाल एलईडी आहेत आणि 850 चे निअर इन्फ्रारेड. हे 850 वाले डोळ्यांना जवळपास दिसतच नाहीत, म्हणून "अर्धे दिवे बंद आले" म्हणत एक स्टार देऊन मोकळे झालेले लोक आहेत. अहो, मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा, जांभळट उजेड दिसेल, मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीवाला लावा.

आईला वाटलं हा फिजिओकडचा लाल बल्बचा शेक. तर तसं नाहीये, तो बल्ब 150-250 वॅटचा असतो आणि काम उष्णतेचं, आखडलेला स्नायू सैल होतो. इथे ऊब नावालाच, प्रकाश पेशीतल्या मायटोकाँड्रियाला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाला, चालना देतो असं म्हणतात. आणि हे अगदीच हवेतलं नाही बरं का, 1960 च्या दशकात हंगेरीत एंड्रे मेस्टर यांनी उंदरांवर लेझर वापरून बघितला, कॅन्सर होतो का ते तपासायला, कॅन्सर काही झाला नाही पण भादरलेल्या जागी केस मात्र भराभर आले. पुढे 2007 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) पुरुषांच्या टकलासाठी लेझरच्या कंगव्याला मंजुरी पण दिली. कॅन्सरच्या उपचारात तोंड येतं त्यावरही हॉस्पिटलमध्ये हा प्रकाश वापरतात, पण तिथे डोस मोजून देतात, घरच्या पॅनलसारखं अंदाजपंचे नाही.

माझी खरी तक्रार इथेच आहे. जाहिरातीत प्रकाशाची तीव्रता "100 मिलीवॅट प्रति चौरस सेंमी", पण किती अंतरावर ते कुठेच नाही, आणि बरेच विक्रेते हा आकडा ऊन मोजायच्या सोलर मीटरने मोजतात जो एलईडीला फुगवूनच दाखवतो. 50 मिलीवॅट खरंच मिळत असेल तर दर चौरस सेंमीला मिनिटाला 3 जूल डोस होतो, आता मिळतंय किती तेच माहीत नाही तर किती वेळ बसायचं कसं ठरवणार? त्यात जास्त बसलं की जास्त फायदा असंही नसतं, डोस अति झाला की परिणाम उलट घटतो. माहितीपत्रकात फक्त "10 ते 20 मिनिटे".

फरक म्हणाल तर आईचा गुडघा सकाळी जरा कमी आखडतो, असं ती म्हणते, पण फिजिओने दिलेले व्यायामही ती नेमाने करतेय, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा. माझे पिंपल्सचे लाल डाग लवकर उतरल्यासारखे वाटले, सुरकुत्या जिथल्या तिथे. वजनाचं तर विचारूच नका 😄

गॉगल सोबत येतो पण पातळ आहे, चेहऱ्यावर घेताना डोळे मिटूनच ठेवा. वांग असेल किंवा डॉक्सीसायक्लिनसारखी उन्हाला त्वचा नाजूक करणारी गोळी चालू असेल तर आधी स्किनच्या डॉक्टरांना विचारा, हे बॉक्सवर असायला हवं होतं.

स्टँड मजबूत आहे, फॅनचा आवाज येतो पण टीव्ही ऐकू येतो. 5 पैकी 3. अंतराचा तक्ता मिळेल का म्हणून कस्टमर केअरला मेसेज केला होता, उत्तरात दुसऱ्या पॅनलवर 15 टक्के सूट असलेलं कूपन आलं.