‘पंप गेलाय’ म्हणतील, आधी नळी बघा

देवगड तालुक्यातली एक जुनी डिझेल व्हॅन. हंगामात आंब्याच्या पेट्या, एरवी लग्नाची वऱ्हाडं, गणपतीत चाकरमानी. लिटरला बारा-तेरा किलोमीटर देणारी गाडी आठ-नऊवर आली. करूळ घाटात जिथे तिसऱ्यावर चढायची तिथे दुसरा टाकावा लागू लागला आणि मागून काळा धूर. मालकाने ती महामार्गावरच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. मिस्त्रीने दोनदा रेस मारली, ऑइलचं झाकण उघडून आतून येणारा धूर दाखवला आणि उभ्या उभ्या निकाल दिला: पंप (इंजिनाला डिझेल पुरवणारा) गेला, नोझल (डिझेलचा फवारा मारणारे) गेले, टर्बोही (इंजिनात हवा दाबून भरणारा) गेला. हाफ काम (इंजिन खोलून पिस्टन-रिंगांचं काम) निघेल, पण ते सध्या टाळू. बिल झालं ५२ हजार. गाडी आठवडाभर बरी ओढली. मग धूर आधीपेक्षा दाट, टेंपरेचरचा काटा चढाला वर आणि ॲव्हरेज साडेसात.

खरं दुखणं दोन ठिकाणी होतं. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी होसला, म्हणजे नळीला, खालच्या अंगाला, अगदी क्लॅम्पच्या कडेला चीर गेली होती. आणि मागचं डावं चाक ब्रेक सोडल्यावरही मोकळं होत नव्हतं. पंप, नोझल आणि टर्बोला काहीही झालेलं नव्हतं. या तऱ्हेने किनाऱ्यावरच्या कित्येक गाडीवाल्यांचा हंगामाचा पैसा जातो, म्हणून ही लबाडी कशी चालते आणि ती कशी पकडायची ते सविस्तर लिहीत आहोत.

आधी तो आठवडाभराचा ‘फरक’ कुठून आला ते समजून घ्या, कारण सगळी फसवणूक त्यावरच उभी आहे. जुन्या यांत्रिक रोटरी पंपाला जास्तीत जास्त डिझेल किती सोडायचं हे ठरवणारा एक स्क्रू असतो. कारखान्यातून तो सील होऊन येतो, वर टोपी किंवा सीलची तार असते. लॉकनट ढिला करून तो अर्धा आटा आत घेतला की इंजिनाला जास्त डिझेल मिळतं आणि पिकअप लगेच वाढल्यासारखं वाटतं. पण हवा तेवढीच असते, आणि इथे तर होस फाटल्यामुळे ती आधीच कमी होती. जादा डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतो, एक्झॉस्टची उष्णता वाढते. असंच घाट चढत राहिलात तर पिस्टन आणि टर्बो आता खरोखरच जातात. म्हणजे खोटं निदान दोन-चार महिन्यांत खरं होतं, आणि गाडी पुन्हा त्याच गॅरेजमध्ये येते. आमच्या मते यातला सर्वांत संतापजनक भाग हाच आहे.

या गाडीच्या पंपाचं ‘कॅलिब्रेशन’ झाल्याचं बिलात लिहिलं होतं. प्रत्यक्षात पंप बाहेर काढलाच नव्हता. पंपाच्या फ्लँजच्या नटांवर जुना तेलकट लाल मातीचा थर तसाच होता, ताजी पान्याची खूण फक्त त्या स्क्रूच्या लॉकनटवर, आणि सीलची टोपी गायब. टर्बो ‘नवा’ म्हणून लावला होता, पण तो जुनाच घासून, चंदेरी रंग मारून बसवलेला. रंग नंबरच्या पट्टीवरूनही गेला होता, पण खाली जुना नंबर वाचता येत होता.

गाडी टाकण्याआधी म्हणूनच मोबाइलवर फोटो काढून ठेवा: पंपावरची नंबरची पट्टी, टर्बोची पट्टी, तो सीलबंद स्क्रू, चारही नोझलचे होल्डर. नोझल काढले तर त्यावर कोरलेला कोड पाहून घ्या. चांगले नोझल काढून घेऊन दुसऱ्या गाडीचे झिजलेले बसवणं हा प्रकार दुर्मीळ नाही. जुने पार्ट परत हवेत हे काम सुरू होण्यापूर्वी सांगा, नंतर मागितले की ‘भंगारात गेले’ हेच उत्तर मिळतं.

आता तपासणी. घाटात ओढत नाही आणि डिझेल पिते या तक्रारीची डझनभर कारणं असतात, पंप त्यात सगळ्यात शेवटी येतो. पहिली विभागणी धुरावरून करा. लोड आल्यावर काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: चोंदलेला एअर फिल्टर, फाटलेला होस, उघडा अडकलेला ईजीआर वॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा), आतून गंजून कोसळलेला सायलेन्सर, नाहीतर टपकणारे नोझल. ओढ नाही पण धूरही नाही, म्हणजे बहुधा डिझेलच कमी पोचतंय. धूर ठीक, ओढ बरी, फक्त ॲव्हरेज पडलं, तर आधी चाकांकडे जा. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा हेड गॅस्केट. निळसर धूर ऑइलचा.

धुराचा पुरावा तुमच्याकडे आधीच असतो. पीयूसीच्या पावतीवर डिझेल गाडीच्या धुराच्या दाटपणाचा आकडा छापलेला असतो. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा २.४५, बीएस-४ ला १.६२. मागच्या पावतीवर १.१ आणि या खेपेला २.३ आला असेल तर मधल्या काळात काहीतरी बिघडलं, हे तारखेनिशी सिद्ध होतं. कामानंतर पुन्हा पीयूसी करा. ‘पंप आणि नोझल केले’ म्हणणाऱ्याच्या कामानंतर आकडा वाढला असेल तर स्क्रूला हात लागलाय असं समजायला हरकत नाही.

ॲव्हरेजही नीट मोजा. टाकी पहिल्या कटपर्यंत (भरणारी नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत) भरा, किमान तीनशे किलोमीटर चालवा, त्याच पेट्रोल पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत. तिथल्या मापाचा संशय असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा, ते प्रत्येक पेट्रोल पंपावर ठेवावंच लागतं. टायरचा साइज बदलला असेल तर किलोमीटरचा आकडाच चुकतो. महामार्गाच्या दगडांशी दहा किलोमीटर ताडून बघा.

हवेच्या बाजूला आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे चिऱ्याची लाल धूळ. खाणीच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात दिलेल्या किलोमीटरपर्यंत टिकत नाही. फिल्टर आतून बाहेर, हलक्या हवेने फुंकायचा. बाहेरून फुंकलात तर धूळ कागदात आणखी रुतते. नंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या पाइपापर्यंतचे) होस हाताने दाबून, वाकवून बघा. आत तेलाचा पातळ थर असणं स्वाभाविक आहे. बाहेर क्लॅम्पपाशी तेलकट, धूळ चिकटलेला पट्टा दिसला तर हवा तिथूनच निघतेय. चीर उभ्या गाडीत मिटलेली असते, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आला की उघडते, म्हणून रेस मारून कळत नाही. पक्की खात्री करायची तर टर्बोच्या तोंडाला बूच बसवून रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने १० ते १२ पीएसआय हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा. फुगे कुठे येतात ते मालकालाही दिसतं. मॅनिफोल्डपासून पंपावरच्या डायफ्रॅमकडे जाणारी बारीक नळीही बघा. ती तडकली तर पंपाला बूस्ट आल्याचं कळतच नाही, ओढ जाते आणि धूरही येत नाही. शंभर-दोनशे रुपयांची नळी, आणि तिच्यापायी अख्खे पंप उतरवलेले आहेत.

टर्बो गेला म्हणणाऱ्याला हवा आत घेणारा पाइप काढून आतली पाती दाखवायला सांगा. इंजिन बंद आणि थंड असताना शाफ्ट बोटाने पुढे-मागे ढकलला तर हालचाल जाणवता कामा नये. आडवी किंचित हालचाल चालते, पण पाती घराला घासलेली नकोत. पाती शाबूत, शाफ्ट मोकळा फिरतोय, पाइपात ऑइल साचलेलं नाही, तर टर्बो बदलायला नकार द्या.

डिझेलच्या बाजूची कसोटी एकच सांगतो, कारण पंपाविषयीचे बहुतेक वाद ती मिटवते. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात गाळलेलं डिझेल, दोन पारदर्शक नळ्या. एक नळी नव्या फिल्टरच्या इनलेटला, दुसरी पंपाच्या रिटर्नला (जादा डिझेल परत सोडणाऱ्या तोंडाला), दोन्हींची टोकं कॅनमध्ये. हँड पंपाने हवा काढा, कॅन नीट बांधा आणि चढावर एक फेरी मारा. ओढ परत आली तर पंप निर्दोष. दोष टाकीतल्या जाळीत, गंजलेल्या पाइपात, किंवा टाकीच्या झाकणाच्या बंद पडलेल्या भोकात. (झाकण उघडताना फुस्स करून हवा आत ओढली गेली तर तेच कारण.) इनलेटच्या नळीत बुडबुडे दिसले तर लाइन हवा खेचतेय. मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी चॅसीवर गळत राहतं आणि डिझेलचे पाइप क्लिपांखालीच कुजतात. वरून रंग शाबूत दिसतो. पावसाळ्यात फिल्टरखालच्या सेपरेटरमधलं पाणी दर आठवड्याला सोडा.

त्याच खाऱ्या पाण्याने मागचे ब्रेक धरतात. व्हील सिलिंडरचा पिस्टन किंवा हँडब्रेकची केबल गंजते आणि लायनर ड्रमला घासत राहतो. ब्रेक फारसा न लावता दहा किलोमीटर चालवा, उतरून चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक तापलं असेल तर जॅक लावून फिरवून बघा. या व्हॅनचा ड्रम तापून निळसर पडला होता आणि गॅरेजमध्ये एकानेही चाक उचलून पाहिलं नव्हतं.

क्लच घसरतोय का हे टॉप गिअरला चाळीसच्या वेगात पाय पूर्ण दाबून कळतं: आवाज चढला आणि वेग तसाच, तर प्लेट संपली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पंपाची लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकते का तेही बघा. केबल ताणलेली किंवा पायाखाली जाड मॅट असली तरी गाडी मेल्यासारखी चालते. थर्मोस्टॅटचं वेगळं सांगायला हवं. ‘आपल्याकडे गरमी आहे, नको ते’ म्हणून तो काढून टाकायची वाईट सवय कोकणात फार आहे. मग इंजिन तापायला उशीर लागतो, पावसात तर ते नीट तापतच नाही, आणि थंड इंजिन जास्त डिझेल खातं. त्याची किंमत ॲव्हरेजमधून रोज वसूल होते.

ऑइलचं झाकण उघडून धूर दाखवणं हा घाबरवायचा जुना प्रयोग आहे. लाखभर किलोमीटर झालेलं कुठलंही डिझेल इंजिन तिथून थोडं फुंकतंच. झाकण उलटं करून तोंडावर ठेवा: थरथरलं तर चिंता नको, उडून पडलं तर कॉम्प्रेशन मोजायला सांगा. मोजायचं म्हणजे गेज लावून, चारही सिलिंडरचे आकडे कागदावर, आणि गाडीच्या मॅन्युअलशी ताडून. आकड्यांशिवाय हाफ कामाला होकार देऊ नका. नोझलही टेस्टरवर तुमच्यासमोर चालवून घ्या. फवारा धुक्यासारखा, तोंडाशी थेंब नको. हात त्या फवाऱ्याजवळ कधीही नेऊ नका, डिझेल कातडीत घुसतं. यांत्रिक पंपाच्या गाडीत चालू इंजिनवर एकेका नोझलचा नट ढिला करून कमजोर सिलिंडर शोधतात, पण कॉमन रेल गाडीत (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या) हे करणं जिवावर बेतू शकतं. तिथे दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. कॉमन रेलचं निदान स्कॅनरवर, रेल प्रेशरचे चालू आकडे पाहूनच करावं.

एवढं करून पंपच दोषी ठरला तर तो टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच द्या आणि कामाआधीचे-नंतरचे रीडिंग लिहिलेली शीट घ्या. ज्यांच्या पंपाचा स्क्रू आधीच फिरवला गेलाय त्यांनाही बेंचशिवाय उपाय नाही. अंदाजाने मागे फिरवून तो मूळ जागी येत नाही.

पैसे गेलेच असतील तर जीएसटी बिल, जुने पार्ट, फोटो, दोन्ही पीयूसी पावत्या आणि दुसऱ्या मिस्त्रीचा लेखी अहवाल एकत्र करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तोडगा निघाला नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. गाडी भाड्याने चालते म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं समोरचा म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून गाडी चालवणारा या कायद्यात ग्राहकच धरला जातो. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे स्पष्ट लिहा.